मोघेकाकांच्या बोटावरची धूळ

मोघेकाका कॉलेज बघायला गेले की माहितीपत्रकाला हात लावत नसत. थेट प्रयोगशाळेत शिरायचे, एखाद्या यंत्राच्या चाकाखालून बोट फिरवायचे आणि ते दिव्यासमोर धरायचे. "वरून तर चपरासीपण पुसतो," आपल्या इंदुरी बोलीत म्हणायचे. "चाकाखाली धूळ म्हणजे पोरांनी हातच नाही लावला, भिया."

ते आयटीआयमधून निवृत्त झालेले टर्निंगचे शिक्षक. जुनी इंदूरच्या आमच्या गल्लीत कोणाला मुलाला इंजिनिअरिंगला घालायचं असलं की आधी काकांना पाठवत. फाटकावरच्या फलकांवरचे हसरे चेहरे, त्यांखालची कंपन्यांची नावं, त्यांना सगळ्याचाच संशय. चौकीदाराला चहा पाजून विचारायचे, "सच्ची बता, कंपनीवाले आते हैं कि सिर्फ फोटो आते हैं?"

मी त्याच गल्लीतला. लेथवर माझा हात काकांनीच बसवला. आता एका खाजगी विद्यापीठात प्लेसमेंटचं काम बघतो.

काही वर्षांपूर्वी एका रविवारी ते घरी आले. त्यांची नात रेवती पीथमपूरच्या कारखान्यातली नोकरी सोडून आमच्याकडे एम.टेक. करायचं म्हणत होती.

"अवी, सच बोल. एम.टेक. करून पोरं जातात कुठे?"

"सगळ्यांना नोकऱ्या लागतात, काका."

कागदावर ते खरं होतं. कंपन्या बी.ई.ची पोरं कमी पगारात घेऊन जात, एम.टेक.च्या वर्गाकडे फिरकतही नसत. उरलेल्यांना आम्ही विद्यापीठातच वर्षभराच्या करारावर शिकवायला ठेवायचो आणि 'नोकरी लागली' म्हणून मोजायचो. तो आकडा मीच बनवत असे.

आता पुढचा प्रश्न येईल, कंपनीचं नाव विचारतील, म्हणून मी वाट बघत होतो. विचारलं असतं तर कदाचित बोललोही असतो. काकांनी चहा संपवला आणि उठले. "चल, मग मी नाही येत बघायला. तू आहेस ना तिथे."

साऱ्या इंदूरवर संशय घेणाऱ्या माणसाने त्या एका वेळी मात्र पुढे चौकशी केली नाही.

दोन वर्षांनी रेवतीच्या कराराचं पत्र माझ्याच टेबलावरून गेलं आणि तिचा हसरा फोटो फाटकावर लागला. पीथमपूरची तिची जागा केव्हाच भरली होती.

त्याच आठवड्यात काका माझ्या ऑफिसात आले. मला वाटलं, ओरडतील. "लॅब दाखव," एवढंच म्हणाले. तपासणी समिती येणार म्हणून यंत्रं चकचकीत पुसलेली होती. काका कष्टाने वाकले, चाकाखालून बोट फिरवलं. या वेळी ते दिव्यासमोर धरलं नाही, माझ्यासमोर धरलं. मग स्वतःच्या रुमालाला पुसलं.

"काका, मी..."

"रेवती अजून तुला दादा म्हणते," ते म्हणाले. "म्हणू दे."

गेल्या हिवाळ्यात ते गेले. त्याच्या थोडं आधी, गल्लीतले जोशी मुलीच्या एम.टेक.बद्दल विचारायला त्यांच्याकडे आले होते. मी तिथेच बसलो होतो.

"काका, तुम्ही कशाला तकलीफ घेता?" जोशी म्हणाले. " आपला अवी आहे ना तिथे, त्यालाच विचारतो."

मी जोशींना सगळं सांगितलं. आकडा कसा बनतो तेही, रेवतीचं काय झालं तेही. काकांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

मग जोशींकडे वळून म्हणाले, "ठीक. उद्या मी बघून येतो."