भरतीच्या वेळेचं झेंडावंदन

पुण्याला समुद्र नाही ही गोष्ट साऱ्या जगाला मान्य आहे. फक्त आमच्या मामेसासऱ्यांना ती चाळीस वर्षं कसबा पेठेत राहूनही मान्य झाली नव्हती. माझ्या बायकोचे हे मामा मूळचे कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावचे. वडील तांडेल, म्हणजे मचव्यावरचे, शिडाच्या मोठ्या होडीवरचे मुख्य. मामा तरुणपणी नोकरीसाठी घाट चढून आले आणि इथलेच झाले. झाले म्हणजे अंगानं झाले. मन तिकडंच कुठंतरी नांगर टाकून बसलं होतं. मुठेला पाणी सोडलं की सारं पुणं पुलावर कौतुकानं उभं राहायचं आणि मामा त्यांच्यात शिरून म्हणायचे, "आमच्याकडे ओहोटीला याहून जास्त असतं." बाजारात बांगड्याचे कल्ले उघडून बघत आणि "हा माझ्याही आधी घाट चढलेला दिसतो" असं मासेवालीला ऐकवून रिकाम्या पिशवीनं परत येत. मग मामी मुकाट्यानं वरणाला फोडणी देत.

नोकरी त्यांनी केली ती टाइमकीपरची. कारखान्याच्या फाटकाशी बसायचं आणि एक मिनिट जरी उशीर झाला तरी त्या माणसाच्या नावापुढं लाल शाईनं खूण करायची. निवृत्त झाले तेव्हा घड्याळ कारखान्याचं होतं ते कारखान्यात राहिलं, पण लाल शाई घरी आली. घरातल्या कॅलेंडरवर दूधवाला, पेपरवाला, खुद्द मामी, सगळ्यांचे उशीर लाल शाईत असत. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा वाहतुकीत अडकून सात मिनिटं उशिरा पोचलो. पोह्यांची बशी माझ्या हातात देत मामा म्हणाले, "मुलगी पसंत आहे का ते सावकाश सांगा. आधी सात मिनिटं कुठं होतात ते सांगा." लग्न ठरलं, पण ती खूण अजून त्या जुन्या कॅलेंडरवर आहे, असं मामी सांगतात.

असा हा माणूस वर्षातून एक दिवस मनगटावरचं घड्याळ काढून कपाटात ठेवायचा. तो दिवस एक मे. मामा आणि आम्ही एकाच सोसायटीत राहत होतो. तिथलं झेंडावंदन पहिल्यापासून मामांकडं होतं आणि ते त्यांच्या गावच्या भरतीच्या वेळेला होत असे. याला कारण होतं. महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी गावानं झेंडा मचव्याच्या डोलकाठीवर चढवायचं ठरवलं. सकाळी सगळे नटूनथटून धक्क्यावर आले तर ओहोटी, आणि मचवा चिखलात कलंडलेला. मामांचे वडील म्हणाले, "वाकड्या काठीवर झेंडा चढवायचा नाही. पाणी येईल, मचवा सरळ होईल, मग चढवू." उन्हं कलेपर्यंत अख्खं गाव उपाशी थांबलं. तेव्हापासून तिथं तोच रिवाज पडला, आणि मामांनी तो जसाच्या तसा कसब्यात आणला. आमच्या इमारतीपुढची लोखंडी काठी कधीच कलंडत नाही, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

भरतीची वेळ काढायची त्यांची रीत सोपी होती. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. एप्रिल सरता सरता जिन्याखालच्या फळ्यावर सूचना लागे : 'झेंडावंदन भरतीनुसार होईल. उशिरा येणाऱ्यांसाठी समुद्र थांबणार नाही.' मग कसबा पेठेला साजेसा वाद रंगे. एका पंचांगात द्वादशी असे, दुसऱ्यात त्रयोदशी लागलेली असे, आणि आमचे चेअरमन दोन्ही पंचांगं काखोटीला मारून खाली उतरत. "मामा, समुद्र कुठलं पंचांग पाळतो तेवढं एकदा विचारून घ्या," असं ते म्हणाले की मामा त्यांच्या हातात कोकम सरबताचा पेला ठेवत. सरबत, काप्या फणसाचे गरे आणि मामींची सांदणं, एवढ्यासाठी लोक वाद मिटवून काठीभोवती गोळा होत.

पण एका वर्षी एक मे नेमका अक्षय्य तृतीयेला आला. तीनाची पाऊणपट सव्वादोन. आमरस-पुरीचं जेवण, डोक्यावर वैशाख, आणि दुपारी सव्वादोनला झेंडावंदन! कसबा पेठेत माणूस एक वेळ घर लिहून देईल, दुपारची झोप देणार नाही. लोक छत्र्या घेऊन आले, उभे राहिले आणि एकही सांदण न खाता निघून गेले. पुढच्याच सभेत चेअरमननी ठराव मांडला : यापुढं झेंडावंदन सकाळी ठीक आठ वाजता. हात भराभर वर झाले. खरं सांगायचं तर त्यात माझाही होता. मामा एवढंच म्हणाले, "वक्तशीरपणाला मी कशी हरकत घेणार?" आणि जिना चढून गेले. त्या दिवसानंतर कॅलेंडरवर एकही लाल खूण झाली नाही. दूधवाला साडेआठला येऊ लागला तरी मामा काही बोलेनात, तेव्हा मामी घाबरल्या.

पुढच्या एप्रिलमध्ये त्यांनी मला बोलावलं. "जावईबापू, यंदा मला गावी न्या. सरळ उभ्या मचव्यावरचा झेंडा एकदा डोळे भरून बघतो. तिकडं तो चढतोय एवढं कळलं की तुमचे आठ ते माझे आठ." गुडघे गेलेले होते, तरी स्वारगेटहून पहाटेच्या एसटीनं आम्ही निघालो. घाट उतरताना ते खिडकीतून तोंड बाहेर काढून नाकानं वास घेत होते.

एक मेला सकाळी मामा इस्त्रीचा सदरा घालून धक्क्यावर गेले. तिथं कोणीच नव्हतं. डोलकाठीही नव्हती. आता सगळ्या इंजिनाच्या होड्या. साडेआठला त्यांचा पुतण्या हातात पेढ्यांचा पुडा घेऊन आला. "काका, ग्रामपंचायतीत आठलाच झालं की झेंडावंदन! भरतीची वाट आता कोण बघत बसतो?" मामांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून ते समोर चिखलात कलंडलेल्या एका जुन्या लाकडी होडीकडं बघत राहिले. मला त्यांच्याकडं बघवेना. वर केलेला माझा तो हात मला त्या घटकेला नकोसा झाला होता.

साडेनऊच्या सुमारास माझा मोबाइल वाजला. चेअरमन होते. "अहो, जरा मामांना द्या." मी फोन मामांच्या कानाला लावला, आवाज मलाही ऐकू येत होता. "मामा, इथं आठला सगळे जमलो. पण दोरीला हात लावायला कोणी पुढं होईना. प्रत्येक जण दुसऱ्याकडं बघतोय. मग पाऊणपट केली. एका पंचांगात त्रयोदशी, दुसऱ्यात चतुर्दशी. पाऊण तासाचा फरक पडतोय. तेव्हा म्हटलं, तुम्ही प्रत्यक्ष जागेवर आहात, तर समुद्रालाच विचारून सांगा."

 मामा कठडा धरून उठले. "अजून तीन पायऱ्या कोरड्या आहेत. उन्हात आहात का?"

"उन्हात नाही तर काय महाबळेश्वरात? तुम्ही आमची काळजी करू नका. त्याला सावकाश येऊ द्या."

दहा मिनिटं गेली, वीस गेली. फोन कोणीच ठेवला नाही. पाणी एकेक पायरी चढत होतं. चिखलातली होडी हलली, डुलली, एका बाजूनं उचलली गेली. मामा पुढं सरकत सरकत बुटांसकट पाण्यात जाऊन उभे होते. होडी सरळ झाली आणि पुण्यापर्यंत फोनशिवायही ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले, "झाली सरळ! चढवा!"

पलीकडं कप्पी कुरकुरली. मग आमच्या आळीचे सगळे बेसूर गळे एकदम राष्ट्रगीत म्हणू लागले. घोटाभर पाण्यात मामा ताठ उभे होते, गुडघे दुखत असूनही. पुतण्याही पेढ्यांचा पुडा खाली ठेवून सावधान उभा राहिला. कसबा पेठेच्या तिरकस माणसांचा मला आयुष्यात इतका अभिमान कधी वाटला नव्हता. राष्ट्रगीत संपल्यावर चेअरमन म्हणाले, "मामा, आठ धरले तर दोन तास उशीर झाला. सगळ्या आळीला लाल शाई लावा."

"लावतो," मामा म्हणाले. मग सकाळचा तो पेढा त्यांनी तोंडात टाकला.

मामा जाऊन आता तीन वर्षं झाली. ठराव अजून वहीत आहे. तो रद्द करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही आणि पाळायचंही. एक मेला आम्ही खाली जमतो, मामी सांदणं घेऊन येतात, आणि तिकडं पुतण्या पायरीवर उभा राहून फोन लावतो. गेल्या वर्षी त्याला बराच वेळ लागला. ऊन चढलं होतं. नव्यानं राहायला आलेल्या एका गृहस्थांनी घड्याळ बघत विचारलं, "आपण नेमके कोणासाठी थांबलो आहोत?" चेअरमननी दोरी या हातातून त्या हातात घेतली. "आमच्या टाइमकीपरसाठी," ते म्हणाले.