माहेरच्या रांगेत

इंग्रज माणसाशी लग्न केलं म्हणून पुण्याहून वडिलांची एकच ओळ आली होती, 'आम्हाला तू मेलीस.' साठच्या दशकातली गोष्ट. मी ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात डॉक्टर होते, रोज माणसं जगवत होते आणि तिकडे पुण्यात माझं सुतक फिटून तीन वर्षं झाली होती! रागाने मीही पत्र टाकणं सोडलं.

म्हणून सासऱ्यांनी त्यांच्या आजीची गोष्ट काढली तेव्हा मी कान टवकारले. आजी क्वेकर घराण्यातली. क्वेकर म्हणजे पाद्री नाही, गाणं नाही, गप्प बसून प्रार्थना करणारी ख्रिस्ती मंडळी. तिने पंथाबाहेरच्या माणसाशी चर्चमध्ये लग्न केलं आणि पंथाने तिचं नाव काढून टाकलं. ती कुठे पुरली गेली, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्याच्या कबरीवर तिचं नाव नाही. घरच्या बायबलात मृत्यूची तारीख तेवढी होती. रिटायर झाल्यापासून सासरे गावोगावच्या चर्चची आवारं पालथी घालत होते.

"तिला शेवटी कुणी आपलं म्हटलं की नाही, एवढं कळलं पाहिजे मला," ते म्हणायचे.

मी म्हटलं, "डॅड, सासरी सापडत नाही ना, मग माहेरी बघा."

"अगं, त्यांनी तिला काढून टाकलं होतं."

"टाकू दे. माहेर ते माहेर."

बोलले खरी, पण प्रश्न माझाही होता. ती तिथेही नसली तर मला माझंही उत्तर मिळणार होतं.

सॉमरसेटमधल्या एका खेड्यात क्वेकरांच्या प्रार्थनाघरामागे त्यांची दफनभूमी होती. गवतात गुडघ्याएवढे दगड, सगळे एका मापाचे. ना क्रॉस, ना देवदूत, नुसतं नाव आणि तारीख. आजीच्या वडिलांचा दगड पटकन सापडला. मग आम्ही दोघं आजूबाजूच्या दगडांवरचं शेवाळ खरवडत बसलो. तिथे तिची आई नाही, भाऊ नाही, ती तर नाहीच. सगळे परके. सासऱ्यांनी हात टेकले.

"चल, पाऊस येईल," ते म्हणाले.

मला भयंकर राग आला. बापाशेजारी सख्ख्या बायकोलाही जागा नाही, कसले हे लोक! फणफणत मी रांगेतून तरातरा चालू लागले आणि चालता चालता तारखा वाचत गेले. क्वेकर महिन्यांना नावं देत नसत, नुसते आकडे. इथे तिसरा महिना, शेजारी चौथा, मग सहावा, मग पुढचं वर्ष. मी जागीच थांबले.

"डॅड, हे घराण्याप्रमाणे पुरत नाहीत! जो जसा गेला तसा रांगेत. नवरा-बायको, श्रीमंत-गरीब, काही बघत नाहीत. तुमच्या आजीचं वर्ष शोधा!"

वर्ष त्यांना पाठच होतं. आम्ही दोघं वेड्यासारखे भिंतीकडच्या रांगेकडे धावलो आणि तिथे ती होती. तिच्या आधी गेलेल्या आणि नंतर गेलेल्याच्या मधोमध, बापाच्या दगडाएवढाच तिचा दगड. बोटभरही कमी नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

सत्तरीचे सासरे गवतात मटकन बसले. जन्मभर हळू आवाजात बोललेला तो माणूस ओरडला, "घेतलं! घेतलं त्यांनी तिला परत!" मी टाळ्या पिटत होते आणि रडत होते. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

गाडीत बसताना ते म्हणाले, "आता तुझा नंबर."

त्या हिवाळ्यात काहीही न कळवता मी पुण्याला गेले. ऐन जेवणाच्या वेळी दार वाजवलं. वडिलांनीच उघडलं आणि बघत राहिले. 'येऊ का' असं मी विचारलंच नाही. चपला काढल्या आणि सरळ आत शिरले.

मागून त्यांचा आवाज आला, स्वयंपाकघरातल्या आईला उद्देशून.

"अगं, आणखी एक पान मांड."