अण्णांसाठी लावलेली प्रोसेसरची शर्यत

अण्णांच्या तेराव्याच्या आदल्या दिवशी मी घरात लॅपटॉप आणि डेस्कटॉप यांची शर्यत लावली.

कारण आई. अण्णा गेल्यापासून ती भिंतीकडं तोंड करून बसायची. आल्यागेल्याशी एक शब्द नाही. त्या सकाळी मात्र आपणहून म्हणाली, "बाळू, तुझ्या लग्नाची कॅसेट लाव रे. बोलतेत त्यात ते." आणि पुन्हा भिंतीकडं वळली.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकली की माझा धाकटा भाऊ दिलीप तिला गंगापूरला घेऊन जाणार होता. म्हणजे जे करायचं ते आजच.

कॅसेटची पेन ड्राइव्हवर नक्कल मी मागंच करून ठेवली होती. (मी प्रत्येक गोष्टीची नक्कल ठेवतो. वीजबिलाच्या तर दोन.) लावून पाहिली, तर चित्रावर पट्टे, मुंग्या आणि अण्णांच्या चेहऱ्याच्या जागी एक राखाडी भोपळा! हे आईला दाखवायचं? चित्र स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर माझ्या मुलीकडं, मृण्मयीकडं होतं. पण त्याला प्रोसेसर दणकट लागतो, आणि दणकट कुणाचा, या वादात दुखवटा बाजूला पडला.

"माझ्या लॅपटॉपवर करू," मृण्मयी म्हणाली.

"लॅपटॉप? दम लागंल त्याला!" दिलीप म्हणाला. त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. सुतकात ते बंद, म्हणून त्यानं राहिलेली कामं उरकायला डेस्कटॉप गाडीत घालून इथं आणला होता. "आपला डबा लई जोरकस हाय, दादा."

मी दोन्हींवरची लेबलं चष्मा लावून वाचली. प्रोसेसरचं नाव एकच, आकडे एकच. फरक इतकाच, की लॅपटॉपच्या आकड्यामागं एक इंग्रजी अक्षर जास्त होतं. डॉक्टरांच्या नावामागं पदवी असते तसंच हे असणार, असं मी धरलं! (ते अक्षर म्हणजे वीज कमी पिणारा, उपवासाला बसवलेला प्रोसेसर, हे मृण्मयीनं मला नंतर सांगितलं. नंतर!)

"दोन्हींवर तेच काम एकदम लावू. जो आधी संपवेल तो खरा," मी निकाल दिला.

शहाण्या माणसानं काम अर्धं अर्धं वाटून दिलं असतं. पण मग तुलना कशी होणार?

डेस्कटॉप घरघरत पुढं निघाला. लॅपटॉप सुरुवातीला बरोबरीनं धावला, मग रेंगाळू लागला.

"बघ, बसला का न्हाय?" दिलीप खूश.

"काका, तुम्ही त्याला गादीवर ठेवलाय! खालून वारा कुठनं येणार? तापला की तो आपोआप हळू होतो." मृण्मयीचं बरोबर होतं. पण दुखवट्याच्या घरात गाद्यांशिवाय दुसरं काय पसरलेलं असतं? मी खुर्ची शोधून आणली, तिच्यावर लॅपटॉप ठेवला आणि खुर्ची कूलरसमोर नेली. कूलर कोरडा होता, तरी वारा होता. लॅपटॉपनं पुन्हा वेग घेतला. शर्यत रंगली!

इतक्यात मोरीतून माझी बायको सुनंदा ओरडली, "नळ आले हो!"

आमच्या शहरात या हाकेपुढं देवही थांबतो. गल्लीतल्या पाणी ओढणाऱ्या यच्चयावत मोटारी एकदम सुरू झाल्या. ट्यूबलाइट फडफडली, पंखा मंदावला आणि डेस्कटॉप, जो जवळजवळ पोचलाच होता, मान टाकून बंद पडला. पुन्हा चालू झाला तो काम पहिल्यापासून मागत.

"आपली मोटर बंद कर!" मी ओरडलो.

"उद्या एवढी माणसं जेवणार, त्यांना हात धुवायला काय तुमचा प्रोसेसर देऊ?" असं म्हणून तिनं पहिली भरलेली बादली कूलरमध्ये ओतली.

कोरडा पंप पाणी बघून पिसाळला. कूलरनं खळखळून एक फवारा मारला. थेट लॅपटॉपवर! पडदा काळा.

"तांदळात ठेव, तांदळात!" दिलीपनं तो उचलून उद्याच्या पंगतीच्या तांदळाच्या पिंपात उभा पुरला. मी पिंपाशेजारी डोकं धरून बसलो. नेमके तेव्हाच समोरचे देशपांडे भेटायला आले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"सावरा आता. वय झालं होतं."

"वय कुठलं हो! मागच्या दिवाळीत तर घेतलाय!"

देशपांडे चहा न घेताच गेले.

डेस्कटॉप त्या दिवशी आणि रात्री मिळून आणखी तीनदा बंद पडला. दुसऱ्या दिवशी पंगती उठल्या, दिलीपची गाडी दाराशी लागली, तरी अण्णा भोपळाच होते. मी आईसमोर जाऊन बसलो.

"आई, चित्र साफ नाही झालं गं."

"कशाचं चित्र?"

"अण्णांचं. कॅसेटमधलं."

"मला कुठं दिसतंय, बाबा? मोतीबिंदू पिकलाय. तूच नेलं व्हतंस ना डॉक्टरकडं? म्या म्हनलं, बोलतेत त्यात."

मृण्मयीनं डेस्कटॉपवरून मूळ, पट्ट्यापट्ट्यांची फाईल सुनंदाच्या तडा गेलेल्या मोबाईलवर घेतली आणि मोबाईल आजीच्या कानाशी धरला. सनई, भांड्यांचा खणखणाट, कुणाचं तरी रडणारं पोर. आणि मग अण्णांचा खणखणीत आवाज:

"ए, तो लाइट बाजूला घे! जेवलीस का गं तू?"

"न्हाय अजून," आई मोबाईलला म्हणाली.

दिलीप गाडीतली पिशवी नीट करायला बाहेर गेला, ती बराच वेळ करत राहिला. सुनंदानं ताट वाढून आणलं. आईनं दोन घास खाल्ले, म्हणाली, "पुन्यांदा लाव."

आई गंगापूरला निघून गेल्यावर, एवढं काम बिनबोभाट करणाऱ्या त्या मोबाईलमध्ये प्रोसेसर तरी कोणता आहे, म्हणून मी तो हातात घेतला. सुनंदानं ताबडतोब काढून घेतला.

"राहू द्या. घरात एवढं एकच चालू राहिलंय!"