भोयरकाकांचे हात

भोयरकाका आमच्या शाळेत पहिल्यांदा आले ते फुटबॉल शिकवायला नव्हे, गोलपोस्ट उभे करायला. भिलाईत तेव्हा जिकडे बघावं तिकडे काहीतरी उभं राहत होतं. त्या धामधुमीत आमच्या सेक्टर सहाच्या शाळेच्या वाट्याला थोडे लोखंडी पाइप आले आणि ते रोवायला पोलादाच्या प्लँटमधून एक रिगर आला. रिगर म्हणजे क्रेनला माल अडकवून, खाली उभं राहून, वरच्या क्रेनवाल्याला हातांनी खुणा करणारा माणूस. काकांनी ओळंबा लावून खांब इतके सरळ रोवले की हेडमास्तरांना शाळेची इमारतच वाकडी वाटायला लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका पुन्हा हजर. “खांब हालले का पाहाले आलो,” म्हणाले. तिसऱ्या दिवशीही खांबच बघायला आले. चौथ्या दिवशी आम्ही काय ते ओळखलं. शाळेला खेळाचे सर नव्हते आणि भंडाऱ्याकडून आलेल्या या माणसाची कॅम्प-१मधल्या खोलीवर वाट बघणारं कुणी नव्हतं.

फुटबॉल कशाशी खातात हे काकांना ठाऊक नव्हतं, पण त्यानं त्यांचं काही अडलं नाही. “बॉल म्हंजे माल,” ते म्हणायचे. “उचलाचा, फिरवाचा, जाग्यावर उतरवाचा. याच्यात शिकाचं काय हाय?” ओरडणाऱ्या माणसाचा त्यांना मनस्वी तिटकारा. “प्लँटमधी वरडून कोणाले आयकू येते? हात पाहाले शिका!” बोट वर करून फिरवलं की बॉल उंच मारायचा, तळवा खाली दाबला की जमिनीवरून न्यायचा, अंगठा ज्या बाजूला त्या बाजूला पास. आणि दोन्ही हात आडवे पसरले की संपलं, जिथे असाल तिथे थिजायचं. ही खूण जिवाची, तिला प्रश्न विचारायचा नाही. आमच्या संघात मल्याळी, बंगाली, तेलुगू, पंजाबी सगळी पोरं होती. काकांची मराठी माझ्याशिवाय कुणाला कळत नसे, हात मात्र सगळ्यांना कळत.

जिल्ह्याची स्पर्धा सुरू होण्याआधी बाहेरगावी तीन सराव सामने ठरले. हेडमास्तरांनी काकांना बोलावून माझ्यादेखत सांगितलं, “तीनपैकी एक तरी जिंका, नाहीतर संघ बंद. जिंकलात तर मात्र संघाला शिकलेले सर मागवावे लागतील.” काका हसत बाहेर आले. “आपली सुट्टी दोन्हीकडून पक्की, बाबू. मंग जिंकूनच जाऊ ना!”

प्लँटचा एक रिकामा ट्रक मिळाला. काकांनी आम्हांला त्यात बसवलं नाही, लादलं. जाडे चाकांवर, हडकुळे कडेला, आणि आमच्याभोवती दोरखंड! आमचा कॅप्टन कुरियन कुरकुरला तर म्हणाले, “माल हालला का तुटते. चुप बस.” दुर्गला आम्ही तीन गोलांनी हरलो. काका फक्त तिथले गोलपोस्ट वाकडे असल्याचं त्यांच्या मास्तरांना बजावून आले.

राजनांदगावला एकएक बरोबरी होती. शेवटची पाच मिनिटं. कुरियन बॉल घेऊन गोलसमोर, त्यांचा गोली जमिनीवर आडवा. नेमकी त्याच वेळी मागून हाक आली, “अबे भोयऱ्या!” काकांच्या गावचा जुना सोबती, तिथल्या गिरणीत कामाला लागलेला. काका हरखले आणि त्याला मिठी मारायला त्यांनी दोन्ही हात आडवे पसरले.

आम्ही अकराच्या अकरा थिजलो. कुरियनचा एक पाय हवेत तसाच. समोरची पोरं क्षणभर बावरली. आम्ही कुठली प्रार्थना म्हणतोय असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांच्या एकानं कुरियनच्या पायाजवळून हलकेच बॉल काढून घेतला, आमच्या एकेकाला वळसा घातला आणि पुतळा झालेल्या आमच्या गोलीच्या शेजारून तो आत ढकलला.

संध्याकाळी काका जेवले नाहीत. “एकानंबी पाय हालवला नाई. अशी गँग मले प्लँटमधी नाई भेटली,” एवढं म्हणाले आणि मग, “चूक माही हाय, पोट्टेहो.”

तिसरा सामना राजहऱ्याला, खाणीच्या गावी. खेळ सुरू होण्याआधी काकांनी खांद्यावरचा दुपट्टा माझ्या हातात दिला आणि हात मागे केले. “बांध. आवळून बांध.” मी बांधले. मग आमची जी दैना झाली ती काय सांगावी! सवयीनं आम्ही काकांकडे बघायचो आणि ते भुवया, हनुवटी, खांदे उडवून काहीतरी सुचवायचे. सदऱ्यात मुंग्या शिरल्यासारखे दिसत होते. मध्यंतरापर्यंत एक गोल आमच्यावर चढला. उत्तरार्धात बॉल मैदानाबाहेर गेला तेव्हा कुरियन धावत काकांच्या मागे गेला आणि त्यानं दातांनी गाठ सोडली. “काका, सिग्नल दो,” म्हणाला. काकांनी मनगटं चोळली. मग बोट वर गेलं, अंगठा फिरला, तळवा दबला, आणि आम्ही दोन गोल केले. जिंकलो! परतीच्या ट्रकमध्ये काकांनी दोरखंड बांधलाच नाही.

हेडमास्तर शब्दाला जागले. पंधरा दिवसांत नवे सर आले. काकांना वाईट वाटलं का, असं मी विचारलं तर म्हणाले, “क्रेन कोणीबी चालवो, माल उतरला पायजे.”

जिल्ह्याच्या पहिल्या सामन्याला काका आले आणि लोकांत उभे राहिले. नवे सर शिट्ट्या मारून, ओरडून लालबुंद झाले होते आणि आमचे सगळ्यांचे डोळे काकांवर. ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी मैदानाकडे पाठ फिरवली आणि उरलेला वेळ ते सायकल स्टँडकडे तोंड करून उभे राहिले. गोल झाला की शेजाऱ्याला विचारत, “कोनाचा?”

“काका, कावून असे उभे राहता?” मी नंतर विचारलं.

“पाहाले लागलो का हात उठतेत बाबू. अन् हात उठले का तुमी त्या सरकडे पाहान का?”

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. त्यानंतर मी शाळा सोडेपर्यंत भोयरकाका आमच्या प्रत्येक सामन्याला आले. त्यांतला एकही त्यांनी पाहिला नाही.