बसच्या वेळेचं वेल्डिंग

ऊर्जानगरच्या रस्त्यावर एक वेल्डिंगवाला आहे. त्याला इथल्या वीज कंपनीत नोकरी हवी आहे. आपली कारागिरी साहेबांच्या नजरेत भरावी म्हणून, ड्यूटी सुटलेल्या लोकांची बस येते तेव्हाच तो मशीन चालू करतो. गिऱ्हाइकांची कामं तोवर पडून राहतात.

काल माझ्या बकऱ्यांच्या कोठ्याचं लोखंडी दार तिथे पडलं होतं. आमच्याकडे अंधार झाला की बिबट फिरतो. मला बोलायचा संकोच वाटतो, तरी म्हटलं, "भाऊ, दिवस बुडून राह्यला."

"बस येऊ द्या ना बाई. बिबट्याले काय समजते वेल्डिंग?"

बस आली. त्याने तोंडासमोर काळी काच धरली आणि रस्त्यापर्यंत ठिणग्या उडवल्या. त्या उजेडाने डोळे दुखतात, म्हणून बसमधल्या सगळ्यांनी तोंडं फिरवली. काचेआडून त्याला ते कधीच दिसत नाही.

बस गेली. दाराची एक बिजागरी राहिली. ती आता उद्याच्या बसला.

"पाहून राह्यले होते ना सायेब लोक?" त्याने विचारलं.

"सगळेच्या सगळे," मी म्हटलं.

तो इतका खुलला, की उरलेली बिजागरीही त्याने तेव्हाच जोडून दिली. समोर रस्ता रिकामा होता.