रोखीवाले रुद्राप्पा

खिशात पैसे असताना उधार मागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. सोलापूरच्या सुताच्या बाजारात त्यांना रुद्राप्पा म्हणत, आणि शेवटच्या काही वर्षांत, जरा हसून, 'रोखीवाले रुद्राप्पा'. सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, स्वच्छ धोतर नेसून ते सूत आणायला निघत. आतल्या खिशात सासूबाईंनी मोजून दिलेले पैसे असत. दुकानात पोचल्यावर मामा आधी विचारत, "दोन बंडलं पाहिजेत. उधार मिळतील का?" दुकानदार नाही म्हणून मान हलवायचा. मग मामा शांतपणे खिशात हात घालत, नोटा समोर ठेवत आणि सूत घेऊन घरी येत. दर खेपेला हेच.

मला हे पाहून लाज वाटायची. मी मास्तरांच्या घरात वाढलेली, माझं लग्नही मास्तरांशीच झालेलं. बाजाराची रीत मला ठाऊक नव्हती. एकदा धीर करून विचारलं, "मामा, पैसे जवळ असतात ना? मग मागायचं कशाला आणि नाही ऐकून घ्यायचं कशाला?"

ते मागावर बसून तुटलेला धागा सांधत होते. आधी गाठ पक्की केली. मग म्हणाले, "पोरी, पैसे दिल्यावर चोराला पण माल मिळतो की. उधारी माणसाला मिळते."

मी साखर पेठेतल्या त्या घरात आले ते दुष्काळाच्या साली. त्या आधी मामांचा चादरींचा छोटा कारखाना होता, हाताखाली विणकर होते, आणि बाजारात त्यांच्या नुसत्या निरोपावर सूत घरी येत असे. दुष्काळात लोकांना खायला नव्हतं, चादरी कोण घेणार? ज्या परगावच्या व्यापाऱ्याकडे त्यांचा सगळा माल गेला होता तो एके दिवशी दुकानाला कुलूप लावून नाहीसा झाला. इकडे सुताचे पैसे द्यायची मुदत येऊन ठेपलेली. बाजारात ज्याला हात वर करणं म्हणतात, ते मामांना करावं लागलं.

अशा वेळी बाजाराची एक रीत होती. सगळे देणेकरी-घेणेकरी एका गादीवर बसायचे आणि तोड काढायची. मामांची तोड निघाली रुपयाला सहा आण्यांवर. नवे पैसे येऊन बरीच वर्षं झाली होती, पण बाजाराचं तोंड अजून आण्यांतच बोलत होतं. मामांनी दोन सोडून सगळे माग विकले, अर्धं घर विकलं, सासूबाईंच्या पाटल्या दिल्या आणि प्रत्येकाचे सहा आणे चुकते केले. आता काही येणं नाही, अशी फारखती सगळ्यांनी लिहून दिली. दहा आणे सोडले. कुणी शिव्या दिल्या नाहीत; बाजारात हे चालायचंच. चार आण्यांवर सुटलेले लोक पुढच्या वर्षी स्कूटरवरून हिंडताना मी पाहिले आहेत.

मामांना मात्र ते जमेना. "सहा आण्यांत कर्ज सुटलं," ते म्हणायचे, "दहा आण्यांचा मी अजून अडकलोय की." आणि त्यांनी ते सोडलेले दहा आणे फेडायला घेतले. ज्या माणसाच्या हाताखाली विणकर होते तो स्वतः मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला. दुसऱ्या मागावर सासूबाई. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, शाळेचा पगार पुढे केला तर मामांनी तो परत त्यांच्या खिशात घातला. "कागदावर तुझं नाव नव्हतं. तू तुझ्या बायकोला पुस्तकं घेऊन दे." सासूबाई कधी फार दमल्या की कानडीत म्हणायच्या, "बिडरी आता," म्हणजे सोडून द्या. मामा हसायचे आणि धोटा फेकत राहायचे.

लोकांना हे पैसे घेणं देण्यापेक्षा जड गेलं. रंगवाल्या चाचांनी तर हातच मागे घेतला. "हिसाब हो गया ना जी. अब कायकू देते?" मामा म्हणाले, "चाचा, तुमचा झाला, माझा कुठं झालाय?" चाचांनी शेवटी पैसे घेतले आणि मामांना बसवून चहा पाजला. टेंभुर्णीला जाऊन राहिलेला एक दलाल होता, त्याच्याकडे मामा एसटीने गेले. तो पाणीही न विचारता म्हणाला, "मी विसरलो होतो, रुद्राप्पा. आता परत आठवण करून द्यायला आलात होय?" संध्याकाळी मामा घरी येऊन पायऱ्यांवरच बसले. मी पाणी दिलं तेव्हा म्हणाले, "खोटं बोलला गं तो. माणूस पैसे विसरतो. कुणी बुडवले ते नाही विसरत."

मला वाचनालयात जायचं असलं की ते सोबत येत. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, मराठीही अडखळत वाचत, पण वाचनालय त्यांना फार आवडायचं. "ओळख ना पाळख, आणि पुस्तक घरी न्यायला देतात! लई मोठी माणसं दिसतात." मी सांगितलं, "मामा, अनामत भरलीय आपण." त्यांचा चेहरा पडला. "हात्तिच्या! मग आपलं सूत आणि हे एकच की." पण पुस्तक परत करायची तारीख ते माझ्यापेक्षा जास्त ध्यानात ठेवत. शेवटची पंधरा-वीस पानं राहिली असली तरी म्हणत, "दे पोरी. मागायला लागू नये त्यांना." अशा किती कथांचे शेवट मला अजून माहीत नाहीत.

त्या वाचनालयाच्या वाटेवरच गुरुशेटचं सुताचं दुकान. गुरुशेट हे मामांचे लहानपणापासूनचे मित्र. मामांना पहिलं बंडल उधार दिलं ते त्यांनी, आणि दुष्काळात सगळ्यांत जास्त पैसे बुडाले तेही त्यांचेच. म्हणून त्यांचे दहा आणे सगळ्यांत शेवटी फिटले. त्या दिवशी मी मामांबरोबर होते. गादीवर बाजारातली पाचसहा मंडळी पान खात बसली होती. मामांनी शेवटचे पैसे पुढे ठेवले. लग्नात नवरदेवाचा असतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. गुरुशेटनी नोटांकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हणजे रुद्र्या, तवा होते की रे तुझ्याकडं!"

सगळे हसले. मामाही हसले. मीही हसले, कारण मला कळलंच नाही.

बाजाराला मात्र कळलं, आणि त्याने ते खरं धरलं. संध्याकाळपर्यंत ते वाक्य एका गादीवरून दुसऱ्या गादीवर पोचलं. रुद्राप्पाने तोडीच्या वेळी पैसे दडवले होते. नाहीतर दोन मागांवर कुणाचे दहा आणे फिटतात का? आता म्हातारपणी पापाला भ्याला आणि बाहेर काढतोय. चार आण्यांवर सुटलेल्यांना हे फार पटलं. ज्याने काहीच फेडलं नाही तो नुसता बुडालेला होता. मामा लबाड ठरले. सगळं फेडून त्यांनी स्वतःच्या हाताने आपली पत पुसली. मी सासरी येऊन इतकी वर्षं वाचत होते, पण इतकं क्रूर काही मी पुस्तकात वाचलं नव्हतं.

मामांना ते चौथ्या-पाचव्या दिवशी कळलं. आम्हाला त्यांनी काही सांगितलं नाही. ह्यांच्या कानावर बाहेरूनच आलं. जाऊन खुलासा करा, असं हे म्हणाले. मामा म्हणाले, "कशाचा खुलासा? नव्हते ते पैसे दाखवू कसे?" तेव्हापासून ते उधार मागू लागले. आपल्याला सूत उधार दिलं म्हणजे बाजाराने आपल्यावर पुन्हा विश्वास टाकला, एवढं एकच माप त्यांच्याकडे होतं. गुरुशेट त्यांना आता 'अरे रुद्र्या' म्हणत नसत. "या रुद्राप्पा, बसा. तुम्हाला काय, तुम्ही रोखीवाले!" मान वाढला होता आणि मामांना तो चटके देत होता.

एकदाच त्यांना उधार मिळालं. बाहेरगावाहून आलेल्या एका तरुणाने नवं दुकान टाकलं होतं. मामांनी विचारल्याबरोबर तो म्हणाला, "न्या की काका. दोन महिन्यांनी द्या." मामांनी बंडलावर हात ठेवला आणि विचारलं, "मला ओळखता का?" तो म्हणाला, "नाही." मग मामांनी त्याला सगळं सांगितलं. हात कसे वर केले, कुणाचे किती बुडाले, बाजार आता काय म्हणतो, सगळं. तो मुलगा अवघडला. शेवटी खाली बघत म्हणाला, "मग काका... रोखच द्या."

ही हकीगत मामांनी आम्हाला जेवताना हसत हसत सांगितली. सासूबाई भाकरी थापायच्या थांबल्या. "अहो, गप बसायचं की! दिलं होतं ना त्यानं?"

"न ओळखता दिलेली ती काय उधारी? ती भीक की गं."

"मग आता बसा रोज नाही ऐकत!"

"बसतो की," मामा म्हणाले, आणि चटणीचा घास घेतला.

पुढे त्यांची छाती भरून यायला लागली. मागावर बसवेना. डॉक्टरांनी चालणं बंद करायला सांगितलं तरी सुताला जाणं त्यांनी सोडलं नाही. मी हात धरून नेत असे. शेवटच्या खेपेला गुरुशेटच्या दुकानाच्या पायऱ्या त्यांना चढता आल्या नाहीत. खालूनच, दम खात त्यांनी विचारलं, "दोन बंडलं. उधार." गुरुशेट काहीतरी लिहीत होते. वर न बघता म्हणाले, "काय रुद्राप्पा, रोज रोज थट्टा." मी पैसे दिले. वाटेत मामा एका ओट्यावर टेकले. मी म्हटलं, "मामा, आता पुरे." ते म्हणाले, "अगं, थट्टा म्हणाला तो. नाही म्हणाला नाही." त्या एवढ्याशा फटीवर ते घरापर्यंत चालत आले.

ते गेले तेव्हा मातीला बाजारातली बरीच माणसं आली. सासूबाई रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गुरुशेट बसायला आले. उठताना म्हणाले, "वहिनी, माग बंद ठेवू नका. सूत लागलं तर निरोप धाडा. पैशाचं काय, बघता येईल." दुःखाच्या घरात माणसं असं काहीबाही बोलतात.

सासूबाई पदराआडून म्हणाल्या, "दोन बंडलं पाठवा. उधार."

हे चमकले. आईला म्हणाले, "अव्वा, आता कशाला सूत?" गुरुशेट हो म्हणून मान डोलावून गेले.

सूत आलं. हातगाडीबरोबर दुकानाचे दिवाणजी होते. दारातूनच त्यांनी विचारलं, "उधारी कुणाच्या नावावर मांडू? मास्तरांच्याच ना?"

"ह्यांच्या," सासूबाई म्हणाल्या.

"ह्यांच्या म्हणजे?"

"रुद्राप्पांच्या."

सासूबाईंच्या तोंडून मामांचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. उखाण्याशिवाय ते त्यांनी कधी घेतलं नसेल. दिवाणजी गोंधळले. "अव्वा, ते गेले की. गेलेल्या माणसाच्या नावावर उधारी मांडत नसतेत."

"शेटना विचारून या. तोवर सूत गाडीवरच राहू द्या."

दिवाणजी गेले. हमाल ओट्यावर बसून पाणी प्यायला. सासूबाई दारात उभ्या राहिल्या, चौकट धरून. दिवाणजी परत आले ते घामाघूम होऊन. "मांडलं," ते म्हणाले. "शेटनी स्वतः लिहिलं, दोन महिन्यांच्या मुदतीवर. घ्या उतरवून."

ह्यांनी दुसऱ्याच दिवशी पैसे आणून सासूबाईंपुढे ठेवले. त्यांनी ते कपाटात ठेवून दिले. "मुदत आहे ना दोन महिन्यांची? राहू दे." ज्या घरात दुसऱ्याची दमडी ठेवून घ्यायची भीती वाटायची, त्या घरात सासूबाई ते देणं सांभाळत राहिल्या. बाजारात एका वहीत मामांचं नाव होतं, आणि त्यांच्याकडून येणं होतं. त्या मागावर बसून हळूहळू ते सूत विणू लागल्या. कधी मला विचारायच्या, "अजून वेळ आहे ना गं?" मी हो म्हणायची.

मुदतीचा दिवस उजाडला. त्यांनी कपाट उघडलं, पैसे रुमालात बांधले आणि माझ्या हातावर ठेवले. पण रुमाल सोडेनात. मी चपला घालून उभी, आणि रुमालाचं एक टोक त्यांच्या मुठीत.

"आज तिथं काट मारतील गं त्यांच्या नावावर," त्या म्हणाल्या, आणि उंबऱ्यावर बसून मोठ्याने रडायला लागल्या.

मी थोडा वेळ त्यांच्याजवळ बसले. मग त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि निघाले. मुदत चुकवून चालणार नव्हतं.