आजोबांच्या लॅपटॉपचं वाय-फाय

बाळांनो, गेल्या रविवारी बोलताना तुम्ही मला हसलात, "आजी, अजून तोच खटारा?" म्हणून हे आत्ताच लिहिते आहे. तो खटारा कसा वाचला, ते तुम्हाला ठाऊक नाही.

आजोबांच्या मागे त्यांचा लॅपटॉप इतका मंदावला, की व्हिडिओ कॉलवर तुमचे चेहरे थिजून राहत. मी त्यात लिनक्स ही मोफत, खुली प्रणाली घातली. ती घालताना स्क्रीनवर प्रश्न आला होता, की इतर कंपन्यांची बंदिस्त सॉफ्टवेअरंही घालू का? परक्याचं उगाच घरात कशाला, म्हणून मी तिथे खूण केली नाही. लॅपटॉप पळू लागला, पण वाय-फाय गायब!

एम. जी. रोडवरचा दुरुस्तीवाला म्हणाला, "आजी, हे वाय-फाय कार्ड लिनक्सला चालत नाही. भंगारात द्या हा."

"आधी तुमचं दुकान द्या," म्हणून मी रिक्षा केली.

घरी फोनवर त्या कार्डाची इंग्रजी माहिती सावकाश वाचली. कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, कंपनीने खुलं केलेलं नव्हतं. मी नाकारलं होतं, ते नेमकं तेच! मग फोन केबलने लॅपटॉपला जोडून त्याचं इंटरनेट दिलं, ड्रायव्हर उतरवला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला. वाय-फाय आलं. लगेच तुमच्या आईला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, कोणाकडून करून घेतलंस?"

"कोणाकडून म्हणजे? मी केलं."

आजोबांचा लॅपटॉप अजून चालतो, आणि दर रविवारी मी तुम्हाला त्यावरच बघते.